मीरगुलने सूर खाली धरला तेव्हा

मित्रांनो, बिश्केकच्या विद्यापीठात गाणं शिकवतात, त्या खोलीतला म्हातारा पियानो मी. मला घडवणाऱ्या कारखान्याचं नाव झाकणावरून केव्हाच पुसलं गेलं. रेल्वेने आलो, एवढंच आठवतं. वाटलं होतं, आपल्यावर मोठमोठ्या मैफली होतील. माझ्या वाट्याला आल्या बुरुल एजे. एजे म्हणजे ताई. इथे शिकवणाऱ्या बाईंनाही तसंच म्हणतात.

सकाळी त्या मुलांना पियानो शिकवायच्या. "दाब की जोरात! पट्टी काय चावते तुला?" म्हणून ओरडायच्या. दुपारी गाणाऱ्यांना साथ करताना मात्र स्वतः इतकं हळू वाजवायच्या, की मी गोंधळून जायचो. यातलं खरं कोणतं? गाणं संपलं की फुलं मिळायची गाणाऱ्याला, आणि एजे माझं झाकण लावून खुशीत चहाला जायच्या. त्या खुशीचा मला कधी उलगडा झाला नाही.

एका वर्षी विभागप्रमुख कादिरबेक म्हणू लागले, साथीला आता आधीच भरून ठेवलेली साथ वाजवणारं यंत्र आणू. एजेंना ठेवायचं की नाही, ते परीक्षेनंतर ठरणार होतं.

त्या परीक्षेत नारीनच्या डोंगरातली मीरगुल गायला उभी राहिली. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली. मग एजेंची बोटं माझ्यावर पडली, ती भलत्याच पट्ट्यांवर! इतका सराव केलेल्या पट्ट्यांना कोणी शिवेना. एजे गाणं विसरल्या की काय? पण ऐकायला तर सगळं जुळत होतं. एकदोन ठिकाणी मात्र हात अडखळले.

मीरगुलची वाहवा झाली. कादिरबेक एजेंना म्हणाले, "आज हात चालत नव्हता तुमचा. यंत्राचं हे असं होत नाही बघा."

"आणि ते सुट्टीही मागत नाही," एजे हसून म्हणाल्या. "आणा."

सगळे गेल्यावर मीरगुल रडत आली. "एजे, मी घाबरून सूर खाली धरला. तुम्ही माझ्या सुरात वाजवून सावरलंत. मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"सांग तर खरी, तंगडं मोडीन! नापास होऊन मेंढ्या राखायच्यात का?"

"पण तुमची नोकरी..."

"ती माझी मी बघेन. नाक पूस आधी."

बोटं का सरकली, ते तेव्हा मला कळलं. पण एजे गप्प का राहिल्या? एक शब्द बोलल्या असत्या, तर राहिल्या असत्या ना माझ्याजवळ?

एजेंची नोकरी गेली, यंत्र आलं. माझ्या तारा उतरल्या, पट्ट्यांवर धूळ बसली. पुढच्या परीक्षेत एका विद्यार्थ्याने सूर वर धरला. यंत्र आपलं आपल्याच सुरात चाललेलं. परीक्षकांनी कानांवर हात ठेवले. कादिरबेक माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे मीरगुलच्या वेळी..." एवढंच पुटपुटले आणि टोपी घालून बाहेर पडले.

परत आल्यावर सगळ्यांना सांगत होते, "एजे येते म्हणाल्या. मला चहा पाजला, वर चार शिव्या दिल्या. पगाराचं अवाक्षर नाही. फक्त म्हणाल्या, आधी पियानो सुरात लावून घ्या."

काल सूर लावणारा येऊन गेला. अंग अजून ठणकतंय. एजेंनी स्वतःसाठी काहीच का मागितलं नाही, माझ्यासाठीच का मागितलं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा मला. आणि मित्रांनो, गाणाऱ्यासाठी जरूर टाळ्या वाजवा. पण टाळ्या वाजवताना पियानोवर कोण बसलंय, तेही एकदा बघा.