शुद्ध न केलेली टेप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल. पुढे कॅसेटची खिडकी, तिच्याखाली सहा बटणे, त्यांतले एक लाल, आणि कोपऱ्यात टेप किती सरकली ते सांगणारे तीन आकड्यांचे मीटर. कानावर पडेल ते जसेच्या तसे धरून ठेवायचे, एवढेच माझे काम. माणसांना तेवढे जमत नाही हे मी पाहिले आहे, म्हणून थोडा भाव खातो.

मला एका प्रार्थनागृहाने विकत घेतले. तिथल्या प्रमुखांना सगळे 'थोरले' म्हणत. त्यांचे प्रवचन सुरू झाले की टंकलेखक काका माझे लाल बटण दाबत. प्रवचन संपले की कॅसेटची आणि माझी वरात थोरल्यांच्या खोलीत जाई. ते सगळे ऐकत आणि चिठ्ठीवर आकडे लिहून देत, इथून इथपर्यंत नको. काका तेवढा भाग पुसत आणि मगच टाइप करायला बसत. याला तिथे 'टेप शुद्ध करणे' म्हणत. तीस वर्षांत एकही टेप शुद्ध झाल्यावाचून टाइप झाली नाही. "थोरल्यांचा शब्द न् शब्द या यंत्रात आहे," असे लोक कौतुकाने म्हणत, आणि मी खुळ्यासारखा फुशारून जाई.

पुढे लोकांच्या खिशात फोन आले आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या सतरंज्यांखाली झाली.

एके दिवशी काकांनी मला बाहेर काढून पुसले. वाटले, आले आपले दिवस परत. कसले काय! शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी प्रार्थनागृहाला पत्र लिहिले होते. नऊ वर्षांच्या असताना त्या इथे गाणे शिकायला येत. शिकवणी संपली की थोरले त्यांना एकटीला थांबवून घेत. मित्रांनो, त्यापुढचे मी सांगणार नाही. मोठ्या माणसाने मुलाशी जे कधीच करू नये ते त्यांनी केले, एवढे तुम्हाला कळले तरी पुरे. पत्राची चौकशी करायला तिघांची समिती नेमली गेली. तिघेही थोरल्यांच्या शब्दाबाहेर न जाणारे. फोनवर ध्वनिमुद्रण नको, बाहेर फुटेल, म्हणून माझी आठवण झाली होती.

ताई मावशीला घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"इथं? याच खोलीत?"

"का हो? पंखा आहे, आवाज नाही कसला," समितीतले चिटणीस म्हणाले.

ती गाण्याची खोली होती. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आले नव्हते. मावशींना बाहेर बाकावर बसवले गेले. चिटणिसांनी हात जोडले. "आधी प्रार्थना करू. आणि बघा ताई, झालं गेलं पोटात घालायची तयारी ठेवून बोला."

"मी बोलायला आलेय," ताई म्हणाल्या. "तयारी तुम्ही ठेवा."

काका मला सुरू करून बाहेर गेले. ताई चाळीस मिनिटे बोलल्या. मध्ये दोनदा पाणी प्यायल्या. समितीतले डॉक्टर घड्याळाकडे बघत होते, ते मला बसल्या जागी कळत होते. शेवटी ताईंनी विचारले, "माझ्या बोलण्याची प्रत मला मिळेल?"

"मिळेल की. टाइप झाली की लगेच."

इथेच चूक झाली. कुणी कट केला नव्हता, कुणी हुकूम सोडला नव्हता. काकांनी कॅसेटवर तारीख घातली, मला काखेत मारले आणि पाय नेहमीच्या वाटेने चालू लागले. समितीने त्यांना जाताना पाहिले. कुणाला काही खटकले नाही. ज्याच्याविषयी तक्रार होती त्याच माणसाच्या हातात तक्रार गेली.

थोरल्यांनी दार लावून ती ऐकली. मी त्यांच्यासमोर टेबलावर होतो आणि ताईंचा आवाज माझ्याच तोंडून बाहेर पडत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी एक भाग दोनदा मागे नेऊन ऐकला. मग पेन्सिलीने नीट अक्षरात लिहिले, २१२ ते ३४०.

दुपारी काका टेबलाशी बसले. पुसण्याआधी तेवढा तुकडा एकदा ऐकायचा ही त्यांची पद्धत, म्हणजे वाक्य अर्धवट तुटत नाही. त्यांनी कानाला हेडफोन लावला. ताई सांगत होत्या, "...त्या दिवशी मी रडत जिन्यात आले. टाइपकाका भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, असं बोलू नये बाळ. आणि मला लिमलेटची गोळी दिली."

काकांनी टेप पुन्हा २१२ वर आणली. माईकची वायर काढली, म्हणजे लाल बटण दाबले की नवे काही न भरता जुने पुसले जाते. बोट लाल बटणावर ठेवले. दाबले असते तर नऊ वर्षांची ती मुलगी दुसऱ्यांदा गप्प झाली असती, आणि काकांचे नाव कधीच पुढे आले नसते. माझे बटण मला आतून अडवता येत नाही, मित्रांनो. मी नुसता वाट बघत राहिलो.

काकांनी कॅसेट बाहेर काढली. तिच्या पाठीवर प्लॅस्टिकची एक चिमुकली खपली असते. ती मोडली की लाल बटण दबतच नाही, टेप पुसता येत नाही. त्यांनी कात्रीच्या टोकाने ती खपली मोडली.

मला पिशवीत घालून ते तडक ताईंच्या दुकानात गेले. ताई काज करत होत्या. काकांनी कॅसेट पुढे केली आणि सगळे सांगितले.

"म्हणजे मी बोलले ते आधी त्यालाच ऐकवलंत?"

"सवयीनं गं, पोरी. चुकलं माझं." काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"रडू नका. तुमचं रडणं सांभाळायला मला सवड नाही," ताई म्हणाल्या. मला त्यांचा धाक वाटला आणि अभिमानही. "उद्या बाहेरच्या वकीलबाईंकडे जातेय मी. त्या प्रार्थनागृहात कुणाला ओळखत नाहीत. त्यांना तुमचं बोलणं लागेल. कोरी कॅसेट आहे?"

होती. मावशींनी दुकानाचे शटर अर्धे ओढले. ताईंनी स्वतः माझे बटण दाबले. तीस वर्षे मला चालवणारा माणूस पहिल्यांदाच माझ्यासमोर बोलायला बसला. "ती नऊ वर्षांची होती. तिनं मला सांगितलं होतं. मला ते खरं वाटलं होतं, तरी मी गप्प बसलो."

"आणखी कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मीटर अकरा आकडे पुढे गेले.

"हो," काका म्हणाले. "अजून दोघींनी. त्यांची नावं..."

ताईंनी मला खटकन बंद केले. "नावं नाही. त्यांना आधी विचारायचं. बोलायचं की नाही ते त्या ठरवतील."

मित्रांनो, मी आता वकीलबाईंच्या कपाटात असतो. निकाल अजून लागलेला नाही. बाईंनी ताईंना सांगितले आहे, "काय लागेल ते माझ्या हातात नाही, पण लागेल त्या दिवशी आधी तुम्हाला कळवीन." तुम्हाला कुणी त्रास दिला तर सांगा. पहिल्या मोठ्या माणसाने गोळी देऊन वाटेला लावले, तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते. आणि मोठे झाल्यावर कुणी तुमच्याजवळ असे काही बोलायला बसले, तर कुठे बसायचे, सोबत कोण हवे, हे त्यालाच विचारा, आणि त्याचे बोलणे होईपर्यंत ऐका.

त्या दोघींपैकी एक काल येऊन गेली. समोरच्या खुर्चीवर थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि पुन्हा येते म्हणाली.