येतो म्हणायचं

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर नाकावरचा हा चष्मा आत्ताच्या आत्ता फुटो. आणि चष्मा नवा आहे बरं का, कालच आणलाय, तेव्हा शपथ काही उगाच घेत नाहीये.

"दारच नसेल तर दारबाई काय करणार?" चित्रकार हसत हसत म्हणाला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण दारबाई म्हणजे मी.

आमची कंपनी सात माणसांची. यंत्राबरोबर खोक्यात जी पुस्तिका येते ना, जी कुणी उघडूनही बघत नाही, ती आम्ही लिहायचो. मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याचे पंप. 'ओल्या हातानं बटण लावू नये' हे वाक्य आमचंच. मालकीण माझ्या लेकीहून लहान, पण मालकीण म्हटल्यावर सगळे तिला ताईच म्हणायचे. त्या दिवशी ताईनं सांगितलं की ही इमारत पाडणार आहेत, दुसरी जागा घ्यायची नाही, आता सगळ्यांनी आपापल्या घरून काम करायचं.

"तीन महिने बघू," ती म्हणाली. "नाही जमलं तर कंपनी बंद." मग माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मला काय समजायचं ते समजलं. बाकीच्यांना तीन महिने होते. मला तेवढेही असतील की नाही कोण जाणे.

माझं काम काय, तर दाराशी बसायचं. फोन घ्यायचा, कुरियर घ्यायचं, कोण आलं कोण गेलं बघायचं. गेलं म्हणायची मात्र बंदी होती. संध्याकाळी निघताना प्रत्येकानं माझ्यासमोर थांबून "येतो" म्हणायचं. कुणी चुकून "जातो" म्हणालं की मी त्याला परत खुर्चीवर बसवायची आणि पहिल्यापासून उठायला लावायची. चित्रकाराला एकदा चार वेळा परत पाठवला. तो इतका घाबरला की जिन्यात भेटेल त्या परक्या माणसालाही "येतो हं, येतो हं" करत खाली उतरला.

फक्त मास्तर कुरकुरायचे. मास्तर आमच्याकडे मजकूर तपासायचे. त्यांच्या लाल पेनातून वेलांटीसुद्धा सुटायची नाही. "बाई, माणूस जातोय आणि म्हणतोय येतो. हे वाक्य तपासायला आलं तर मी खोडीन."

"खोडा की. पण आधी म्हणा."

"येतो," म्हणायचे, तोंड वाकडं करून. बावीस वर्षं.

तर सगळे घरी गेले. पहिले आठ दिवस मजेत. आमचे हे तर खूश. मी घरात दिसते म्हणून नव्हे, दुपारी दार उघडायला कुणीतरी आहे म्हणून. मग हळूहळू सगळं विस्कटायला लागलं. कुणी पहाटे कामाला बसायचं, कुणी जेवताना. मास्तर तर कामातून उठेचनात. जेव्हा बघावं तेव्हा त्यांची दुरुस्ती येऊन पडलेली. कोण कामावर आहे, कोण नाही, कुणाला पत्ता नाही.

आणि दुसऱ्या महिन्यात ते पंपाचं झालं. पान चौदावर एक ओळ होती: 'पंप उघडण्याआधी वीज बंद करावी.' मास्तरांनी ती ओळ काढली, कारण चित्रकार ती चित्रात घालणार होता. चित्रकारानं चित्रातून काढली, कारण मास्तर ती मजकुरात ठेवणार होते. छापखान्यातल्या माणसाच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर कुणाचा तरी जीव गेला असता.

ताईचा फोन आला. आवाज पार बसलेला. "दारबाई, नाही जमत हो हे. बाबांची कंपनी माझ्या हातून बुडणार."

"ताई, ही चूक आधी का नाही झाली कधी?"

"आधी सगळे एका खोलीत होते."

"खोलीत होते, पण एकमेकांशी बोलत कुठे होते? मास्तर आणि चित्रकार तर खिडकीवरून भांडून तीन वर्षं अबोला धरून होते. निघताना माझ्याजवळ थांबायचे आणि 'येतो' म्हणता म्हणता सांगून जायचे. अमुक चित्र राहिलंय, मास्तरांना सांगा. तमुक ओळ काढलीय, त्याला सांगा. सकाळी मी सांगायची."

ताई म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"मला तरी कुठे माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी फोन घेऊन बसले.

"मास्तर, आलात का?"

"कुठून येऊ? मी घरातच आहे."

"मग स्वयंपाकघरातून या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आलो," मास्तर म्हणाले. आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

असे सहा फोन रोज सकाळी. आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहायचं: येतो. त्यापुढे काय राहिलंय आणि कुणाकडे. ते लिहून झालं की उठायचं, पुन्हा कामाला हात लावायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी ताईनंच सुरुवात केली. घाईत होती, नुसतं लिहिलं: 'येते.' झालं. चित्रकाराच्या बायकोनं ते वाचलं आणि तिला वाटलं, मालकीण घरी येतेय. तिनं आमच्या लेखनिकेला कळवलं, तिनं पुढे कळवलं. सहा घरांत केर निघाले, पडदे बदलले. मास्तर कोट घालून खुर्चीत बसून राहिले. आमचे हे फाटकात उभे. चित्रकारानं तर पुढची भिंत रंगवून काढली. दोन तास ताईला कुणी विचारेना की बाई, तू नक्की येतेस कुठे? आणि ती आपली घरी कणीक मळत होती.

सकाळी मी सगळ्यांना एकाच फोनवर जोडलं आणि सगळे पोट धरून हसले. मास्तर आणि चित्रकार त्या दिवशी तीन वर्षांनी एकमेकांशी बोलले. मास्तरांनी विचारलं, "भिंत वाळली का?"

तीन महिने झाले, कुणी कंपनी बंद करायचं नाव काढलं नाही. सातांचे सतरा झालो. कितीजणांनी एकमेकांना कधी बघितलंसुद्धा नाही, पण साडेनऊला आले की मला कळायचं. "दार तुमच्याकडेच असू दे," ताई म्हणाली. नऊ वर्षं होतं. परवा परवा सोडलं.

मास्तर त्याआधीच्या वर्षी गेले. सकाळी साडेनऊला फोन केला, तर त्यांच्या भावानं उचलला. आदल्या संध्याकाळचं त्यांचं लिहिलेलं ग्रुपवर तसंच होतं: 'येतो. पान चौदा बघायचं राहिलंय, बाईंकडे.'

पान चौदा मी बघितलं. एक वेलांटी चुकली होती, ती नीट केली.

आता एक गोष्ट सांगून टाकते. त्या शेवटच्या ओळीत 'येतो' नव्हतं. घाईत असतील, नाहीतर दमले असतील. नुसतंच होतं, पान चौदा राहिलंय, बाईंकडे. एरवी मी परत पाठवलं असतं, बसा खुर्चीवर, नीट म्हणून उठा. आता कुठे पाठवणार? म्हणून इथे सांगताना ते मी घातलं.

चष्मा अजून फुटलेला नाही. म्हणजे तेवढं चालत असावं.