तेपोरीचा खोकला

मांगाया बेटावर कुणाचं दुखणं लांबलं, की म्हातारी माणसं औषधाचं विचारत नाहीत. घरात कोणाचं कोणाशी वाकडं आहे, ते विचारतात. तेपोरीचं वाकडं जगजाहीर होतं. वडिलांच्या अळूच्या खाचरावरून थोरल्या बहिणीशी, मातारेकाशी, तिने वर्षानुवर्षं अबोला धरला होता. खाचर ते केवढं, चार ढांगांत संपणारं. पण भावकीच्या भांडणाला तेवढं पुरतं. चर्चच्या ओसरीवर दोघी पुपूच्या माळा ओवायला बसत, पण एकमेकींशी चकार शब्द नाही.

पुपू म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे पिवळे शंख. ते गालात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सारायचा, ही तेपोरीची खोड. एका सकाळी कुणीतरी पाद्र्याच्या बोकडाची गोष्ट सांगितली, तेपोरी खदखदून हसली आणि एक पुपू नको त्या वाटेने गेला. डोळे पांढरे होईतो ती खोकली. मग ठसका थांबला, तशा बायका म्हणाल्या, गेला पोटात. पण छातीत उजवीकडे टोचत होतं. तो पोटात गेला नाही, हे तेपोरीला कळून चुकलं.

खोकला काही हटेना. म्हाताऱ्यांनी निदान केलं: अबोला भोवला. त्याच संध्याकाळी मातारेका नारळाच्या रसातली मासळी घेऊन दारात उभी.

"खा. मेलीस तर लोक मला नावं ठेवतील."

मग ती रोजच येऊ लागली. आईच्या आठवणी काढून दोघी हसत. तेपोरीला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दवाखान्याचं नाव तिने काढलं नाही. खोकला गेला तर ताईही जाईल, ही धास्ती.

पुढे ताप चढला. मातारेकानेच तिला ओढत दवाखान्यात नेलं, तिथून विमानाने मोठ्या इस्पितळात. डॉक्टरांनी घशातून नळी घालून पुपू काढला.

घरी परतल्यावर तेपोरी संध्याकाळी पायरीवर बसली. छाती मोकळी झाली होती, जीव मात्र टांगणीला. मातारेका भांडं घेऊन येताना दिसली, तशी ती ओढूनताणून खोकली.

"पुरे," मातारेका म्हणाली. "पुपू गेला तेव्हा समोरच बसले होते मी. पोटात नाही गेला, ते मलाही दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मातारेकाने भांडं खाली ठेवलं. "तू लगेच बरी झाली असतीस, तर कोणत्या तोंडाने आले असते मी इथे? सरक जरा."