तॅरिनच्या पहिल्या गोलची चकती

मी आइस हॉकीची चकती बोलतेय. रबराची, काळीकुळकुळीत, तळहाताएवढी. माझ्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर लिहिलंय, 'तॅरिनचा पहिला गोल. अंतिम सामना.' हे धादांत खोटं आहे. त्या सामन्यात मी बादलीतून बाहेरसुद्धा आले नव्हते.

पण अशी एकदम कबुली दिली तर ऐकणाऱ्याला काय मजा? सुरुवातीपासून सांगते.

कारखान्यात साच्यात दाबून मला घडवलं आणि खोक्यात भरून कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या एका छोट्या विद्यापीठात पाठवलं, तिथल्या मुलींच्या हॉकी संघाकडे. संघाचं सगळं सामान लोर्नाबाईंच्या ताब्यात. वय साठीपुढचं, आवाज सतरा खोल्यांपलीकडे जाणारा. त्या आम्हा चकत्यांना फ्रीझरमध्ये ठेवायच्या, कारण गोठलेली चकती बर्फावर उड्या मारत नाही, गुमान घसरत जाते. त्याच फ्रीझरमध्ये त्यांच्या बटाटा-कांदा भरलेल्या, करंजीसारख्या पिरोगी असायच्या. शेजारधर्म म्हणून मला जो कांद्याचा वास लागला, तो लागलाच.

आमचा संघ अकरा वर्षं तळाला होता. आमच्याशी सामना असला की समोरचे कोच राखीव मुलींना खेळवायचे आणि स्वतः कॉफी पीत बसायचे. त्या वर्षी मात्र पोरींना काय झालं कोण जाणे, एकेकीची जिरवत त्या थेट अंतिम फेरीत जाऊन पोचल्या. कोचांच्या कॉफ्या गार झाल्या.

तॅरिन वोलोशिन बचावाला खेळायची. चार वर्षं तिने समोरचे फटके अंगावर घेतले, नडगीपासून बरगडीपर्यंत निळी झाली, पण तिच्या नावावर गोल एकही नव्हता. आणि हे शेवटचं वर्ष. आता या लोकांची एक रीत आहे. कुणाचा पहिला गोल झाला की जिने पास दिला तिने ती चकती जाळीतून काढून आणायची, तिला पट्टी लावायची, नाव लिहायचं आणि खेळाडूने ती घरी न्यायची. तॅरिनच्या आजोबांच्या फळीवर सहा नातवंडांच्या सहा चकत्या होत्या आणि सातवी जागा रिकामी. आजोबांना घरात सगळे गिदो म्हणत. गिदो दर रविवारी ती रिकामी जागा फडक्याने पुसायचे. तॅरिन हे हसत हसत सांगायची, आणि सांगून झालं की बुटाची नाडी बांधायला वाकायची ती बराच वेळ वर बघायची नाही.

अंतिम सामना बरोबरीत राहिला, जादा वेळ सुरू झाला. मी काचेमागे बर्फाच्या बादलीत होते. पुढचा नंबर माझा. मैदानातली चकती कधी एकदा प्रेक्षकांत उडते, याची मी वाट बघत होते.

तेवढ्यात तॅरिन पुढे धावली, कुणाच्या तरी स्टिकला अडखळली आणि गोलसमोर फतकल मारून बसली, तीही जाळीकडे तोंड करून. मागून तिच्या मैत्रिणीने, जॉसलिनने, सणसणीत फटका मारला. चकती तॅरिनच्या बुडावर आपटली आणि गोलकीपरच्या पायांमधून आत गेली. सामना जिंकला, करंडक आला. शेवटचा स्पर्श तिचा म्हणून गोलही तिचाच.

सगळ्या पोरी तिच्यावर तुटून पडल्या. जॉसलिन तर सगळ्यात वर. चकती आणायची कुणालाच आठवण राहिली नाही. समोरच्या गोलकीपरने रागाने ती काचेवरून भिरकावून दिली, आणि ज्याच्या हाती लागली तो खिशात घालून घरी गेला.

लक्षात आल्यावर जॉसलिन रडत लोर्नाबाईंकडे आली. लोर्नाबाईंनी दार लावलं, बादलीत हात घातला आणि मी वर आले.

"पट्टी आण," त्या म्हणाल्या. "आणि तोंड पूस. चोराच्या चेहऱ्याने चोरी पचत नाही."

अशी मी एका मिनिटात ऐतिहासिक झाले. तॅरिनने मला छातीशी धरलं तेव्हा मला फार लाज वाटली. खरंच वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला घेऊन गावी गेली. गिदोंनी एकतीस वर्षं गावच्या मैदानात बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवलेलं. कोपऱ्याकोपऱ्यातून चकत्या वेचण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी मला हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग नाकाशी नेलं.

"हिला स्टिक लागलेली नाही," ते हळूच म्हणाले. "आणि कांद्याचा वास येतोय."

तॅरिन बुटाची नाडी बांधायला वाकली. मग म्हणाली, "खरी कुठे गेली माहीत नाही, गिदो. लोर्नाने दिली, मी काही विचारलं नाही. आणि गोलसुद्धा मी मारला नाही. बुडाला लागून आत गेला."

"रेडिओवाला तर म्हणाला, अप्रतिम फटका."

"तो जॉसलिनचा."

गिदोंनी मला खिशात टाकलं आणि कोट चढवला. "चल. स्टिक घे."

घरामागचं तळं अजून गोठलेलं होतं. त्यांनी दोन बूट ठेवून गोल आखला, मध्ये बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि बर्फ ओढायचं फावडं आडवं धरलं. गुडघे गेलेला माणूस, पण तेरा फटके अडवले. एक तर दाताखाली पाइप धरून, शिळोप्याच्या गप्पा मारता मारता.

"नातीला एखादा सोडा की," तॅरिन धापा टाकत म्हणाली.

"फुकटचा गोल तुझ्याकडे आहेच एक."

ते तिला झोंबलं. चौदाव्या फटक्याला तिने मला अशी हाणली की कडेला ओरखडा पडला. मी फावड्याच्या वरून, गिदोंच्या कानाजवळून गेले आणि मागच्या बर्फात जाऊन रुतले. गिदो बादलीवरून पडले. पडल्या पडल्याच त्यांनी दोन्ही हात वर केले.

घरी आल्यावर त्यांनी पट्टीवर खाली बारीक अक्षरात भर घातली : 'आणि गिदोवर. चौदावा फटका.' मग पुसून पुसून झिजलेल्या त्या सातव्या जागी मला ठेवलं.

आता मी तिथेच आहे. ती खरी चकती कुणाच्या तरी कपाटात मिरवत असेल, तिला ते लखलाभ. माझी एवढीच विनंती आहे. कधी या घरी आलात तर पट्टी वाचण्याआधी माझ्या कडेवरून अंगठा फिरवा. ओरखडा लागेल. तो तॅरिनचा आहे.