उसनं नाक

बाबांचं नाक गेलं तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती आई. नंतर तिला वाईटही वाटलं, पण आधी ती हसली, हे ती स्वतःच कबूल करते.

तिचंही चुकलं नव्हतं. तेवीस वर्षं बाबा लोकांची तुंबलेली सिंकं, मोऱ्या आणि संडास मोकळे करत होते. आणि तेवीस वर्षं रोज ते घरी आले की आई त्यांना दारातच अडवायची, एका हाताने नाक दाबायची आणि दुसऱ्या हाताने बाथरूमकडे बोट दाखवायची. आधी अंघोळ, मग बोलणं. आता हाच माणूस चार दिवसांच्या तापातून उठून अंथरुणात बसला होता आणि सांगत होता, की चहाला वास नाही, साबणाला वास नाही, छातीला लावायच्या मलमालाही नाही.

"आणि ती दाराबाहेर टांगलेली माझी कामाची पँट आहे ना," बाबा म्हणाले, "मी नाकाला लावून बघितली. तिलाही नाही."

"त्या पँटला वास नाही?" आई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं तापानंतर. येईल परत. कधी, ते मात्र सांगता येणार नाही. आमचा मामा भेटायला आला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भावजी, तुमच्या धंद्यात ही लॉटरीच की! लोकांना नाक असून त्रास, तुम्हाला नाही ते बरं."

मामाला काय माहीत? या कामात अर्धी हत्यारं पेटीत असतात आणि अर्धी तोंडावर. सिंकमधून आंबूस, तेलकट वास आला तर पाइपात तूप-तेल थिजलंय. कुजका, जडसर वास आला तर केस आणि साबण. आणि पाणी नीट जातंय, तरी खोलीत गटारासारखा वास येतोय, तर कुठली तरी मोरी कोरडी पडलीय. प्रत्येक मोरीखाली पाइपाला एक वाक असतो. त्यात पाणी साठून राहतं आणि खालची दुर्गंधी वर येऊ देत नाही. मोरी वापरात नसली की ते पाणी आटतं. हे सगळं बाबा नुसतं दारात उभं राहून ओळखायचे. नाकासमोर चालणारा माणूस तो. नाकच गेल्यावर चालायचं कुणासमोर?

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दोन आठवडे अंदाजाने रेटलं. मग एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. फोन मी घेते, म्हणून मला आठवतंय. बाई म्हणाल्या, "संडासातून वास येतोय. आजच्या आज माणूस पाठवा."

बाबा गेले. फ्लश केलं, पाणी झकास गेलं. बादलीभर ओतून बघितलं, तेही गेलं. वास कसला आणि कुठून, हे कळायला मार्ग नाही. विचारायचीही सोय नाही. शेवटी त्यांनी कमोडच बुडातून उचकटला आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांवर नेऊन ठेवला. खालचं भोक चकचकीत स्वच्छ. बाई मागे उभ्या. "वास अजून आहे," त्या म्हणाल्या. ज्या आवाजात त्यांनी हजारो मुलांना बाकावर उभं केलं असेल, त्याच आवाजात.

नेमकी त्याच वेळी आई तिथे पोहोचली. बाबांचा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला. तिने दारात पाऊल टाकलं, कमोड बघितला, घामाघूम झालेले बाबा बघितले, आणि नाक वर करून दोनदा हुंगलं.

"बाई," ती म्हणाली, "त्या खिडकीतल्या फुलदाणीतलं पाणी कधी बदललंत?"

फुलदाणी संडासाच्या दाराशेजारीच होती. फुलं वाळून कागदासारखी झाली होती आणि देठ तळाशी हिरव्या रबडीत बुडाले होते. आईने ती उचलून मागच्या अंगणात रिकामी केली आणि परत आली तोवर घर मोकळा श्वास घेत होतं. बाबांनी निमूटपणे कमोड परत बसवला. बाईंनी आईला खुर्ची दिली. बाबांना नाही दिली.

घरी येताना बाबांनी सिग्नलला स्कूटर थांबवली आणि मान मागे वळवली. मग म्हणाले, "उद्या दोन ठिकाणं आहेत. येशील?"

"मी? गटारं हुंगायला?"

"थोडे दिवस. माझं परत येईपर्यंत."

आईची लाँड्रीतली नोकरी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, लाँड्रीच बंद पडली म्हणून. तेव्हापासून ती घरातली कपाटं आवरायची, आणि ती आवरून झाली की पुन्हा आवरायची. ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो.

आणि मग जे सुरू झालं त्याची आम्हा तिघांपैकी कुणालाच कल्पना नव्हती. आईला नाक होतं! लाँड्रीत अठरा वर्षं तिने लोकांचे शर्ट नुसते हुंगून वेगळे केले होते. बाबांच्या लेखी जगात वास दोनच, बरा आणि घाण. आई दारात उभी राहून म्हणायची, "हा पावसात भिजलेल्या वहीचा वास. भिंतीत ओल आहे, पाइपात काही नाही." नाहीतर, "हे दूध नाही, हे शाम्पू आंबलाय. यांच्याकडे लांब केसांची कोण आहे?" घरातली लांब केसांची कोणीतरी लाजून पुढे यायची. बाबा स्प्रिंग आत सारायचे, म्हणजे ती लांब लवचीक तार, मुठीने फिरवत फिरवत पाइपात घालतात ती. आणि मांजराच्या पिल्लाएवढा केसांचा गोळा बाहेर काढायचे.

दोघं सकाळी सातला निघायची आणि बोलत बोलत घरी यायची. जिना चढताना त्यांचा आवाज मला तीन मजले आधी ऐकू यायचा. तेवीस वर्षांत झाली नसतील एवढी बोलणी त्या आठ महिन्यांत झाली. आता आईच्याही कपड्यांना वास यायला लागला होता, त्यामुळे दारात कोण कुणाला अडवणार? अंघोळीला आधी कोण, यावर मात्र भांडण व्हायचं, आणि त्यातही दोघांना मजा यायची.

नऊ महिने होत आले असताना बेकरीवाल्याकडचं काम आलं. त्याच्या भट्टीमागची मोरी तुंबली होती, कणकेने आणि थिजलेल्या तुपाने पार गच्च. बाबा पालथे पडून खांद्यापर्यंत हात आत घालून चिकट गठ्ठे काढत होते आणि अचानक थांबले.

काहीतरी नाकात शिरलं होतं. आधी वाटलं भास आहे. मग तो आला, पुरा, सडका, आंबट, डोळ्यांत पाणी आणणारा. बाबा सांगतात, "आयुष्यात एवढा सुंदर वास मी घेतला नाही." त्यांनी आणखी खाली वाकून छाती भरून तो ओढून घेतला. मग डोकं वर केलं तर भाजलेल्या पावाचा. मग लाकडाच्या धुराचा. आणि मग आई त्यांच्यावर वाकली, "अहो, काय झालं? रडताय का?" तेव्हा तिचा. साबण, घाम आणि उन्हात वाळलेल्या सुती कपड्याचा.

"डोळ्यात उडालं काहीतरी," बाबा म्हणाले.

सांगणारच होते ते. शब्द ओठांवर होते. पण तेवढ्यात आई बेकरीवाल्याकडे वळून ऐटीत म्हणाली, "आम्ही दोघं मिळून करतो हे काम. यांचे हात, माझं नाक." आणि बाबांनी शब्द गिळले. नाक आलंय म्हटलं की ही उद्यापासून घरी. पुन्हा ती कपाटं, पुन्हा तो एकट्याचा रस्ता. बाबांना ते सोसवेना.

मग तीन आठवडे त्या साध्या माणसाने जे नाटक केलं, ते आठवलं की मला अजून हसू येतं. कुजलेल्या उंदराजवळून ते बागेत फिरल्यासारखे जायचे. एकदा आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि गॅसवर दूध होतं. बाबा पेपर वाचत होते. दूध करपायला लागल्याचा वास त्यांना पहिल्या क्षणी आला. उठावं तर सोंग उघडं पडणार! ते बसून राहिले. पातेलं काळं ठिक्कर पडलं, धूर बाहेरच्या खोलीत आला, तरी ते तीच बातमी वाचत राहिले. आई धावत खाली आली.

"अहो, दूध!"

"आं? दूध?" बाबा म्हणाले.

पातेलं फेकून द्यावं लागलं. त्या रात्री बाबा नीट जेवले नाहीत. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं पचत नाही.

मग आलं ते नऊ माणसांचं घर. सकाळी आठलाच फोन: संडास तुंबला, बेसिन तुंबलं, घरभर दुर्गंधी, आणि दुपारी पाहुणे. सूनबाई रडकुंडीला आलेल्या. आई-बाबा पोहोचले तर घरातले आजोबा अर्ध्या गालाला साबण लावून हातात वस्तरा घेऊन उभे, कारण बेसिन काठोकाठ भरलेलं.

आई नेहमीसारखी दारात उभी राहिली, नाक वर केलं. बाबा वाट बघत होते. ती जरा जास्तच वेळ हुंगत राहिली. मग बाथरूमच्या मधोमध बोट दाखवून म्हणाली, "इथे. या फरशीखाली पाइप फुटलाय."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. वास बाथरूममधून येतच नव्हता. तो येत होता जिन्यामागच्या छोट्या मोरीतून, आणि इतका दणदणीत की लहान पोरानेही सांगितलं असतं. सूनबाई पांढऱ्याफटक पडल्या. "फरशी फोडायची? आज?"

"फोडावी लागेल," आई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

बाबांनी छिन्नी हातात घेतली. फरशी नवी होती, फिकट निळी, अजून कडांना रंगाचे ठिपके असलेली. छिन्नी टेकवली. हातोडा उचलला. आणि खाली ठेवला.

"अगं, इथे नाही," ते म्हणाले. "वास जिन्यामागून येतोय."

आईने डोळे बारीक केले. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुला कसं नाही कळलं?"

त्यावर उत्तर म्हणून आईला शिंक आली. एक, दोन, तीन. कालपासून तिचं नाक चोंदलं होतं. चहाचाही वास येत नव्हता आणि तिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण नाक नाही म्हटलं की आज घरी बसावं लागलं असतं.

"कधीपासून येतंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"बेकरीपासून."

"तीन आठवडे?" मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे ते दूध…"

"हो."

"माझं पातेलं!"

"तू घरी बसशील म्हणून," बाबा म्हणाले. एवढंच, आणि तेही फरशीकडे बघत. आई आधी रागावली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला गेली आणि पुन्हा शिंकली. आजोबा साबण वाळलेल्या गालाने सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "तुमचं आटपलं असेल तर माझ्या दाढीचं बघा."

जिन्यामागच्या मोरीजवळ झाकण होतं, घरातले सगळे पाइप तिथे एकत्र येत होते. बाबांनी झाकण उचललं आणि स्प्रिंग काढली. आईने हात पुढे केला.

"द्या इकडे."

"तू?"

"नऊ महिने बघतेय. नाक बंद आहे, हात नाहीत बंद."

बाबांनी स्प्रिंगची मूठ तिच्या हातात दिली. तिने तार आत सारली, फिरवली, अडली तशी मागे घेतली, पुन्हा सारली. बाबा शेजारी उकिडवे बसून दोनदा "जरा डावीकडे" म्हणाले आणि दोनदा ओरडा खाल्ला. मग तारेला काहीतरी गुंतलं. आईने पाय रोवून ओढलं. आत भलामोठा घोट गिळल्यासारखा आवाज झाला, वर बेसिन गडगडलं, पाणी धो धो निघालं, आणि तारेच्या टोकाला लोंबकळत बाहेर आली एक लोकरी कानटोपी.

सूनबाईंनी ओळखली. "आजोबा! ही तर आत्याबाईंनी तुमच्यासाठी विणलेली!"

आजोबा छताकडे बघू लागले. "वाऱ्याने उडाली असेल."

"संडासात? वाऱ्याने?"

"टोचते गं ती," आजोबा कळवळून म्हणाले. "कपाळाला टोचते, कानाला टोचते. दोन हिवाळे सोसलं मी. आता माझी बहीण येणार आणि विचारणार, टोपी कुठाय?"

येणारे पाहुणे म्हणजे त्याच आत्याबाई होत्या. आणि घड्याळाकडे कुणी बघायच्या आतच बेल वाजली. त्या दोन तास आधी आल्या होत्या. सगळे जागच्या जागी थिजले. आईने एका झटक्यात टोपी पिशवीत कोंबली, पिशवी पेटीत, पेटी बाबांच्या हातात. आत्याबाई आत आल्या, नाक मुरडून म्हणाल्या, "कसला गं वास हा?"

"गेला आता, थोडा राहिलाय," आई म्हणाली. तिला स्वतःला तो येत नव्हता.

दुपारी दोघं घरी आली तेव्हा आईचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि नाक लाल झालं होतं. बाबांच्या हातात येताना घेतलेलं नवं पातेलं होतं. मी विचारलं, काय झालं? दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. आई टोपीपासून, बाबा बेकरीपासून. एकमेकांना अडवत, चुका काढत, मधेच शिंकत आणि हसत. अर्धा तास मला कुणाचंच काही कळलं नाही.