समासातला लाल विंचू

“घाबरू नका, चंद्राबाई. तुमच्या नावाशेजारी इंचू काढलाय. आता त्यो बसंल तुमच्या राखणीला.”

हा आवाज मी ऐकला त्याला बावीस वर्षं झाली. बोलणारे होते गंगाधरभाऊ. मेढ्यातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात ते पेशंटची नावं नोंदवायचे. आणि मित्रांनो, ती नावं ज्या पानांवर उतरायची, ती मी. दवाखान्याची जुनी नोंदवही.

माझा जन्म सांगलीचा. ज्या दुकानात माझी पानं शिवली, त्याच्या शेजारी हळदीची वखार होती. खळ लावून मला वाळत ठेवलं, तेव्हा वाऱ्याबरोबर हळदीची पूड आली आणि पानापानांत जाऊन बसली. तो वास अजून गेलेला नाही. पाठीला लाल कापड, कोपऱ्यांना चामडं, अशी नटून मी घाट चढून मेढ्याला आले.

चंद्राबाई तेव्हा चाळिशीच्या. ताप आला म्हणून वरच्या वाडीवरून चालत आल्या होत्या. इंजेक्शन दिलं, आणि बघता बघता तोंड सुजलं, श्वास कोंडला. डॉक्टरांनी धावपळ केली म्हणून बाई वाचल्या. गंगाधरभाऊंनी त्या इंजेक्शनचं नाव विचारून घेतलं. समासात लाल पेन्सिलीनं ‘पेनिसिलीन नको’ असं लिहिलं आणि वर एक छोटा विंचू काढला. नांगी वर केलेला.

“हे काय वो?” चंद्राबाईंनी विचारलं.

“औषधाचं नाव तुमच्या ध्यानात ऱ्हायाचं न्हाई. इंचू ऱ्हाईल. कुठल्याबी डाक्टरानं सुई काढली की आदी म्हणायचं, माझा इंचू बघा.”

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या ओवी जुळवूनच.

*नावाच्या उशाला गं, लाल इंचू बसविला,*
*माझ्या जिवाच्या राखणीला, भाऊरायानं धाडिला.*

गंगाधरभाऊ लाजले होते. मीसुद्धा, मित्रांनो.

सात वर्षांत माझी पानं भरली. समासांत आणखी विंचू आले. मग मी कपाटात गेले, पण अडगळ झाले नाही. जुना पेशंट दारात दिसला की गंगाधरभाऊ मला खाली काढत, समास बघत आणि डॉक्टरांना सांगत. सारा जावळी तालुका त्यांना ओळखायचा. कुणाची सून कुठली, कुणाचा मुलगा पलटणीत कुठं आहे, हे त्यांना सांगावं लागत नसे.

गेल्या वर्षी दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर समीक्षा आली, सांगलीची. सहा-सहा महिन्यांच्या करारावर. खोटं कशाला बोलू, मला त्या यंत्राचा हेवा वाटला. पण त्याचे गुणही दिसले. साताऱ्याला पाठवलेला पेशंट तिथं पोचायच्या आत त्याची सगळी माहिती पोचलेली असायची. मला ते जन्मात जमलं नसतं.

माझ्यातली नावं त्या यंत्रात चढवायची ठरली. रोज सकाळी गंगाधरभाऊ मला मांडीवर घेऊन वाचत आणि समीक्षा भरत जाई. नाव, गाव, वय, आजार. जात्यावर बसल्यासारखी त्यांना लय लागायची.

“काका, तुम्ही वाचताय की गाताय?”

“गातोय. तू भर की गप.”

प्रत्येक नावाला ती विचारी, “औषधाचा काही त्रास?”

“काय न्हाई. फुडं चल.”

मी दचकले. विंचू तर त्यांच्या अंगठ्याखालीच होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाचताना त्यांचं नाक पानाला टेकतंय. काळी अक्षरं ते ओळखत होते, अर्धी डोळ्यांनी, अर्धी आठवणीनं. माझी लाल पेन्सील मात्र पिवळ्या पानावर फिकी, गुलाबी होऊन गेली होती. ती त्यांना दिसतच नव्हती. वहीला बोलता येत नाही, मित्रांनो. मी नुसती फडफडले. समीक्षा उठली आणि तिनं पंखा कमी केला.

मग गवतकापणीच्या दिवसांत चंद्राबाईंच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली. डॉक्टर अवधूत इथं नवे होते. त्यांनी कॉम्प्युटरवर बाईंचं नाव काढलं, वाचलं आणि इंजेक्शन भरायला सांगितलं.

“डाक्टर, माझा इंचू बघितला का?”

“कसला विंचू, आजी?”

“म्या एका सुईनं मरता मरता वाचलीया. तवा गंगाधरभाऊनं वहीत इंचू काढलाय. त्यो बघा आदी.”

“इथं लिहिलंय, तुम्हाला कुठल्याच औषधाचा त्रास नाही.”

“लिवू द्या की. त्या डब्यानं मला कवा बघितलंय? वही आणा. त्याबिगार मी हात द्यायची न्हाई.” आणि बाईंनी हात पदरात गुंडाळला.

डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवलं. समीक्षानं मला कपाटातून काढलं, पान शोधलं, खिडकीपाशी उजेडात धरलं. विंचू होता. त्याच्याखाली औषधाचं नावही होतं, आणि तेच औषध सिरिंजमध्ये भरलेलं होतं.

दुसरं औषध दिलं. जाताना चंद्राबाई गंगाधरभाऊंपाशी थांबल्या. “भाऊ, आपला इंचू म्हातारा झाला वो. जरा रंगवा त्याला.”

भाऊ हसले नाहीत.

समीक्षा मात्र मला घेऊन खिडकीतच बसली होती. एकेक पान उलटत तिनं नऊ विंचू शोधले. यंत्रात नऊही ठिकाणी ‘त्रास नाही’ असं भरलेलं होतं. नऊ जीव, मित्रांनो. तिनं वर बघितलं. गंगाधरभाऊ चष्मा पुसत होते. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुन्हा. तिला कळलं.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. “ही नोंद कुणी भरली?”

“मी, सर,” समीक्षा म्हणाली. “घाईत राहिलं.”

“आज त्या बाईंचा जीव गेला असता. घाई करणाऱ्या माणसाला या कामावर मी ठेवू शकत नाही. महिन्याअखेरीला करार संपतोय, तो पुढं वाढणार नाही.”

समीक्षानं मान खाली घातली.

मित्रांनो, मला कपाटात जागा नाही दिली तरी चालेल. नवं यंत्र जरूर आणा. फक्त जुनी वही मिटण्याआधी तिचा समास एकदा उजेडात धरून बघा. आणि जो माणूस जन्मभर दुसऱ्यांची दुखणी लिहीत आला, त्याला कुणीतरी कधीतरी विचारा, तुमचं काय दुखतंय.

त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी डॉक्टरांच्या टेबलावर होते, गंगाधरभाऊंचा हात माझ्या पाठीवर होता. मग त्यांनी मला उचललं आणि समीक्षाच्या पुढ्यात ठेवलं.

“सायेब, पोरीनं मी सांगितलं तेवढंच भरलं. मला मोतीबिंदू झालाय. लाल आजाबात दिसत न्हाई, वरीस झालं. हितनं काढतील म्हणून बोललो न्हाई. म्हटलं, समदं पाठ हाय. पण न्हाई ऱ्हायलं. आता वाचू द्या तिला. मी पानं उलटतो.”