करवानक पाहिलेली दुर्बीण

ते साल होते १९६८, महिना जुलै. मी एक जुनी दुर्बीण आहे. माझी डावी काच धुरकट आहे आणि पट्टा दोनदा शिवलेला आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. त्या दिवशी मला जे दिसले, ते नव्याकोऱ्या दुर्बिणींना दिसले नव्हते!

कारखान्यातून मी थेट एडिथ प्रॉक्टरबाईंच्या गळ्यात आले. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या खडूच्या टेकड्यांवर आम्ही दोघींनी तीस उन्हाळे काढले. सुरुवातीला गावचा पक्षी-गट मला हातोहात फिरवी. मग मी एकदा गारगोट्यांवर आपटले, डावी काच धुरकटली आणि माझी चेष्टा सुरू झाली.

गटाचा नियम कडक होता. दोघांनी पाहिलेला पक्षीच वहीत चढे. त्या रविवारी वहीला फार मोल होते. जमिनीचा मालक टेकडीचा उतार नांगरणार होता. तिथे करवानकाचे, म्हणजे उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या दगडी रंगाच्या दुर्मिळ पक्ष्याचे, घरटे नोंदले गेले, तरच पिल्ले उडेपर्यंत तो थांबणार होता.

ऊन रणरणत होते. सगळे माना वर करून चंडोल पाहत होते. बाई मात्र जमीन न्याहाळत होत्या. एकाएकी त्यांचे हात थबकले.

"पेनफोल्ड, करवानक! अंड्यांवर बसलाय!"

गटप्रमुख पेनफोल्डांनी आपली तिपाईवरची मोठी दुर्बीण रोखली. "गारगोटी आहे ती, बाई. तुमच्या या काण्या दुर्बिणीला उद्या धोंडे उडतानाही दिसतील."

सगळे हसले. खरे तर उन्हाच्या झळांमुळे त्या मोठ्या दुर्बिणीत सारेच थरथरत होते. माझी मोठे करून दाखवण्याची ताकद कमी, म्हणून माझ्यात ते स्थिर दिसत होते.

"चला, सँडविच खाऊ," पेनफोल्ड म्हणाले.

"तुम्ही खा. मी हलत नाही." बाई वाटेतच बसल्या.

इतक्यात नांगर लावलेला ट्रॅक्टर वर आला. तो चालवणारा सिड टपर ओरडला, "अहो बाई, उठा! चाकाखाली यायचंय का?"

"आधी खाली उतर. यातून बघ."

"मला कोंबडीशिवाय एक पाखरू ओळखू येत नाही."

"ओळखू नकोस. नुसतं बघ. उजव्या डोळ्यानं."

सिड बराच वेळ पाहत राहिला. मग पुटपुटला, "आयला! दगडानं डोळा मिचकावला. पिवळाधम्मक!"

"झाले दोघं," बाई म्हणाल्या. "पेनफोल्ड, वही काढा."

"हा कुठं आपल्या गटातला?"

"डोळे आहेत ना त्याला? लिहा."

सिडने तोवर इंजिन बंद केले होते. पेनफोल्डांनी ओठ आवळून लिहिले.

ऑगस्टमध्ये दोन पिल्ले उडाली. पुढच्या वर्षी उतारावर नांगर फिरलाच. मी खोटे सांगणार नाही. पेनफोल्ड समुद्रकाठी मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. सिड गटात आला आणि पुढे वीस वर्षे वही त्यानेच सांभाळली. बाई गेल्या त्या वर्षी मी त्याच्याकडे आले. आता त्याचे गुडघे चालत नाहीत, म्हणून मी खुंटीवर आहे.

मित्रांनो, अशा जुन्या वस्तू शोभेला टांगू नका. काच पुसा, गळ्यात घाला आणि टेकडी चढा. कोणी हसले तर हसू द्या. आणि तुम्ही पाहिलेल्या घरट्यावर नांगर चालून आला, तर वाटेतून उठू नका.